हातचा

बारा खोकी दिली होती बिएलच्या डोंग्यात.
एका खोक्यात दीडशे पुड्या,
शेंगदाण्याच्या गोड लगद्याच्या,
कोपरा फाडून पोराच्या ओठांना लावायच्या.
बारा गुणिले दीडशे. अठराशे.
तोंडीच केलं, मी गणिताचा मास्तर होतो.
शाळा चार वर्षं पाण्याखाली आहे.
फळा तेवढा काढून आणला,
तो आता गोदामाचं दार.
त्यावर कुणाची तरी बेरीज अजून पुसट दिसते.
उत्तर चुकलेलं आहे.
मी ते दुरुस्त करत नाही.

बिएलला आकडे येत नाहीत.
तो खोकी मोजतो गाईंच्या नावांनी:
राखाडी, पांढऱ्या तोंडाची, ठिपक्यांची,
शिंग वाकडं असलेली, तिची मुलगी...
बारा होत्या त्याच्याकडे.
पुराच्या दुसऱ्या वर्षी शेवटची बसली ती उठली नाही.
नावं राहिली.
म्हणून बाराचा हिशेब त्याचा कधी चुकत नाही.

पलीकडच्या बांधावरचा दवाखाना
दोन दिवसांच्या वल्ह्यावर.
लव्हाळ्यात वाट रोज बुजते, रोज कापावी लागते.
खाली कुठेतरी बेंतियूचा जुना रस्ता आहे,
पाणी उतरलं की वल्ह्याला खडी लागते, म्हणतो,
आणि तेवढ्यापुरतं चालल्यासारखं वाटतं.

पाचव्या दिवशी परतला.
पावतीवर दवाखान्याचा शिक्का, नर्सची सही,
आणि आकडा: अकरा.

मी काही बोललो नाही.
त्यानं डोंगा बांधला. तळातलं पाणी उपसलं.
पाय धुतले, जणू पाय कोरडे होते.
मग म्हणाला,
‘मास्तर, वाटेत एक बांध लागला. तुमच्या यादीत नाही तो.
वारुळाहून थोडा मोठा.
एकोणीस माणसं, एक शेळी.
बायका गळ्यापर्यंत पाण्यात,
पायाच्या बोटांनी कमळाचे कंद चाचपत होत्या.
एकीनं पोरीचा दंड पुढे केला.
तुमची ती रंगांची फीत नव्हती माझ्याकडे.
मी अंगठा आणि बोट लावून पाहिलं.’

त्यानं हाताचं कडं करून दाखवलं.
बोटाचं टोक अंगठ्यावरून पार पुढे सरकलेलं.
डास हाकलायलाही त्यानं तो हात हलवला नाही.
‘राखाडी तिथं उतरवली,’ तो म्हणाला.

नोंदवहीत चार रकाने आहेत.
पोचली. भिजली. चोरीला गेली. उंदरांनी खाल्ली.
छापणाऱ्याला पाचवं काही सुचलं नसावं.
जुबाहून साहेब येतील, बोट ठेवतील, विचारतील.
‘भिजली’ लिहिलं असतं तर
त्यांनी मान हलवून पान उलटलं असतं.
इथं काय भिजत नाही?

कंदिलाखाली बसलो पेन्सिल घेऊन,
आणि मला माझाच आवाज ऐकू आला,
तिसरीच्या वर्गातला, खडूनं कोरडा पडलेला:
जे या घरात मावत नाही, पोरांनो,
ते पुसायचं नाही, गिळायचं नाही.
ते शेजारच्या घराच्या डोक्यावर
बारीक अक्षरात लिहायचं.
त्याला हातचा म्हणतात.
हातचा विसरलात
तर पुढचं सगळं उत्तर खोटं.

‘पोचली’च्या रकान्यात अकरा लिहिले.
त्याच्या डोक्यावर, रेघेच्या बाहेर, बारीक एक.
बिएलला विचारलं, त्या पोरीचं नाव काय?
समासात लिहितो.
‘विचारलं होतं,’ तो म्हणाला.
‘पण तिचं तोंड भरलेलं होतं.’

आज पुन्हा बारा.
तो एकेक खोकं उचलतो, नाव घेतो, रचतो.
पांढऱ्या तोंडाची तळाशी.
वाकड्या शिंगाची, तिची मुलगी, शेजारी शेजारी.
राखाडी थांबवून धरली होती.
ती सगळ्यांच्या वर ठेवली,
बसल्या जागेवरून हाताला लागेल अशी,
आणि माझ्याकडे न बघता
दोर सोडला.